लाकडाचे पंख आणि आपला पावसाळा

लाकडी विमान म्हटलं की आपल्याला राइट बंधू आठवतात. पण दुसऱ्या महायुद्धातलं डी हॅविलंड कंपनीचं 'मॉस्किटो' हे अतिवेगवान ब्रिटिश विमानही लाकडीच होतं. युद्धात ॲल्युमिनियमची ओढाताण होती, फर्निचरवाले सुतार मात्र हाताशी होते. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडालं. पुढे अशी ७,७८१ विमानं तयार झाली.

त्याचा पंख कसा होता, ते आधी पाहू. या टोकापासून त्या टोकापर्यंत ५४ फुटांचा एकसंध पंख. आत पुढे-मागे दोन लांब स्पार, म्हणजे आपल्या घराच्या आढ्यासारखे मुख्य वासे. त्यांना जोडणाऱ्या फासळ्या, आणि वरून बर्च प्लायवूडचं आवरण. हे सगळं स्क्रू आणि सरस यांनी जोडलेलं. म्हणजे सरसाचा जोड सुटला, की आवरण उचकटणार आणि पंख मोडणार.

१९४४ च्या अखेरीस भारतात तसंच घडलं. काही मॉस्किटोंचे पंख हवेतच निखळले, वैमानिक गेले. दोष कुणाचा? कंपनीच्या पथकाने डिसेंबरात सांगितलं, सरस ठीक आहे, पावसाळी हवेत लाकूड आकसलं. खापर आपल्या पावसाळ्यावर फुटलं! पण नंतरच्या चौकशीत तसेच दोष इंग्लंडमधल्या विमानांतही सापडले. त्यांनी तर मान्सून पाहिलाही नव्हता. खरी चूक कारखान्यातल्या जोडकामाची होती. मग स्पारवरच्या सांध्यावर प्लायवूडची पट्टी बसवून तो बंद करण्यात आला.

आता आजकडे येऊ. कॅनडात बनलेलं 'केए ११४' हे मॉस्किटो युद्धानंतर अल्बर्टातल्या एका शेतकऱ्याकडे गेलं आणि उघड्यावर कुजलं. न्यूझीलंडमध्ये आर्डमोरला त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा लाकडी सांगाडा नव्यानेच घडवावा लागला. ग्लिन पॉवेल यांनी साचे आधी बनवले, मग विमान. २७ सप्टेंबर २०१२ रोजी ते पुन्हा उडालं.

काही जण विचारतात, लाकूड नवं, मग विमान जुनं कसं? आम्हाला वाटतं, इथे जपलं गेलं ते काम करण्याचं ज्ञान. लाकूड कुजतं, सरस मरतो. जोड नीट कसा बसवायचा, हे मात्र पुन्हा हाताने केल्याशिवाय टिकत नाही. आणि तो नीट बसला नाही तर काय होतं, हे १९४४ साली भारतातल्या वैमानिकांनी जीव देऊन दाखवलं आहे.