चिंचोक्यांचं मैदान

आजोबांच्या हिशेबात नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाला चार गोल मारले होते. पुढे हायस्कुलात असताना मी कुठल्याशा मासिकात तीन वाचले आणि तोऱ्यात त्यांना सांगायला गेलो. ते ओसरीवर विडी पेटवत होते. मान वर न करता म्हणाले, "चार म्हंजे चार. तू होता काय तिथं?"

तेही नव्हते. ते गोंदियाच्या लोको शेडमध्ये फिटर होते. शनिवारी सायकल हाणत दवनीवाड्याला यायचे, रविवारी रात्री परत. मेलबर्नचं ऑलिम्पिक त्यांच्यापर्यंत पोचलं ते शेडमधल्या बंगाली बाबूंच्या तोंडून आणि नागपूरहून गाडीनं येणाऱ्या 'हितवाद'च्या शिळ्या पानांतून. ती पानंही दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेली.

आमच्याकडे फुटबॉल रुळांवरूनच आला असणार. दवनीवाड्याचा खेळ म्हणजे कबड्डी, विटीदांडू आणि मोठ्यांसाठी शंकरपट. पण गोंदिया बंगाल नागपूर रेल्वेचं जंक्शन. मोठ्या लाईनीवरून हावड्याची माणसं बदलून यायची, ती माशांच्या आवडीबरोबर फुटबॉलचं वेडही घेऊन. आजोबांनी ते वेड शनिवारच्या सायकलीवरून गावात आणलं. धान कापून झालं की बांध्या मोकळ्या व्हायच्या. खुंटं पायाला टोचत, तरी आम्ही तणसाचा गोळा चिंध्यांत बांधून त्याला लाथा घालायचो. गोल म्हणजे धुऱ्यावरच्या दोन झुडपांमधली जागा.

खरा फुटबॉल मात्र ओसरीवर व्हायचा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर आजोबा चुन्याच्या बोटानं चौकोन ओढत आणि डब्यातून चिंचोके काढून मांडत. पुढे पाच, मागे बाकीचे. मधला, जरा टपोरा, तो नेव्हिल. उजव्या कडेचा पी. के. बॅनर्जी, 'आपल्या रेल्वेचा'. मग सामना सुरू व्हायचा. समालोचन त्यांचं, आणि ऑस्ट्रेलियाचे चिंचोके आम्ही बोटानं हलवायचो. आम्ही दर वेळी हरायचो.

आज नोंदी हाताशी आहेत. सामना झाला १ डिसेंबर १९५६ ला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. नेव्हिलनं नवव्या, तेहेतिसाव्या आणि पन्नासाव्या मिनिटाला गोल केले. चौथा कृष्णस्वामी ऊर्फ किट्टूचा. ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई. मग चौथ्याचं काय? तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध त्यानं पहिला गोल मारून भारताला आघाडी दिली होती. पुढे आपण १-४ असे हरलो, कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाकडून हरलो, पण स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत नेव्हिल चार गोलांसह अव्वल होता, बरोबरीला आणखी दोघे. म्हणजे आजोबांचा आकडा खरा होता. त्यांनी दोन सामने एका ओसरीत बसवले होते, एवढंच. हे त्यांना सांगायला मी उशीर केला.

नेव्हिल अनवाणी खेळला, असंही ते सांगत. ते मात्र चूक. अनवाणी खेळाची गोष्ट १९४८ च्या लंडनची. १९५२ ला हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ नं हाणलं आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण मुलांच्या पायांना खुंटं टोचत असताना कुठला म्हातारा बुटांची गोष्ट सांगेल?

नेव्हिल मूळ गोव्याचा, बार्देशातल्या आसगावचा. खेळला मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. आणि मेलबर्नच्या भारतीय संघाला घडवणारा माणूस हैदराबादचा, सय्यद अब्दुल रहीम. पेशानं शिक्षक. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांचा संघ, आणि त्या संघानं मुंबईच्या रोव्हर्स कपवर १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं नाव कोरलं. आजोबा त्यांना 'रहीम मास्तर' म्हणत. प्रशिक्षक हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसला नाही. त्यांच्या मते मैदानाच्या रेषेबाहेर उभा राहून ओरडतो तो मास्तर, मग तो शाळेतला असो की फुटबॉलचा.

आठवतं ते वर्ष नक्की सांगता येत नाही, ऐंशीच्या आगेमागे असेल. एका शनिवारी आजोबांनी उजव्या कडेचा चिंचोका उचलला आणि चुन्याच्या रेषेबाहेर ठेवला.

"हा आता मास्तर झाला," म्हणाले. "आता याले चेंडू लावता येत नाई. तोंडच चालवा लागते."

पी. के. तेव्हा कलकत्त्यात शिकवत होताच. पण त्याच्याबद्दल आजोबांना खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा. एवढा मोठा खेळाडू, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध पहिला गोल मारणारा, पण मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या पैशाला भुलला नाही. रेल्वेतच राहिला, आणि १९५८ ला ईस्टर्न रेल्वेनं कलकत्ता लीग जिंकली. ईस्टर्न म्हणजे आपली नव्हे, आपली साऊथ ईस्टर्न, असं एकदा मी म्हणालो. १९५५ लाच दोन रेल्वे वेगळ्या झाल्या होत्या. आजोबांना ही वाटणी मान्य नव्हती. भाऊ वेगळे निघाले तरी आडनाव एकच राहतं, असं काहीसं त्यांचं म्हणणं.

गोष्टीचं दुसरं टोक थोरल्या काकांकडे. ते मुंबईला मध्य रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागले आणि सुटीच्या संध्याकाळी कूपरेजला जाऊ लागले. दिवाळीला घरी आले की ते आजोबांशी फुटबॉलवरून भांडत. आजोबांकडे ऐकीव नेव्हिल, काकांकडे डोळ्यांनी पाहिलेला शब्बीर अली. तोही टाटाचा, तोही पुढच्या फळीतला. काका त्याला 'शब्बीरभाई' म्हणत, जणू रोज चहाला बसणारा. डोक्यानं मारायचा, वळून मारायचा, आणि मुख्य म्हणजे पेटीत नेमका कुठे उभं राहायचं हे त्याला चेंडूआधी कळायचं. हे सांगताना काका ओसरीवर उभे राहून मान झटकत आणि आई आतून ओरडायची, "दिवा पाडाल भाऊजी!"

शब्बीर हैदराबादचा. रहीम गेले १९६३ ला, तेव्हा तो लहान पोर होता. १९७४ ला बँकॉकमध्ये आशियाई युवा स्पर्धा झाली, भारताचा कप्तान तो. अंतिम सामना इराणशी २-२ असा सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. त्या युवा संघाचा प्रशिक्षक होता अरुण घोष, जो खेळाडू म्हणून बीएनआरकडून, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेच्या संघाकडून, खेळला होता. हे काकांनी सांगताच आजोबा एकदम सरळ बसले. "बीएनआर! मंग आपनच तयार केलं म्हना त्याले." वाद तिथेच संपला. १९६४ ला बीएनआरनं रोव्हर्स कप जिंकला होता तेव्हा शेडमध्ये पेढे वाटल्याचं त्यांनी त्या रात्री पुन्हा सांगितलं. अरुण घोष त्या वर्षी बीएनआरमध्ये नव्हता, हे मला फार पुढे कळलं. बरं झालं.

शब्बीर टाटा सोडून कलकत्त्याला गेला, आधी ईस्ट बंगाल, मग मोहमेडन स्पोर्टिंग. काकांना तो सोडून गेल्याचं दुःख बरेच दिवस होतं. मग बूट उतरवून तो शिकवू लागला आणि फिरत फिरत गोव्याला पोचला, वास्कोच्या साळगावकर संघाकडे. १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग साळगावकरनं जिंकली. लीगचं ते तिसरंच वर्ष, आणि गोव्याकडे ती पहिल्यांदाच गेली. संघात ब्रुनो कुटिन्होसारखा गोल करणारा होता, आणि रेषेबाहेर उभा राहून त्याला पाहणारा माणूस एके काळी स्वतः तेच करत असे. कडेला उभं राहून 'आत्ता मार' हे मनात म्हणायचं आणि पाय जागच्या जागी ठेवायचे, हे किती अवघड असेल! मी शाळेच्या पोरांना खेळवतो तेव्हा माझा उजवा पाय आपोआप उचलला जातो आणि पोरं हसतात.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्या धामधुमीत साळगावकरची बातमी आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हती. आजोबा असते तर त्यांनी चिंचोके मांडले असते. मी मनात मांडले. हैदराबादच्या मास्तरांनी गोव्याच्या पोराला मेलबर्नला नेलं, आणि त्रेचाळीस वर्षांनी हैदराबादचाच एक फॉरवर्ड मास्तर होऊन गोव्याला करंडक देऊन आला. मध्ये दोघांचं मुक्कामाचं ठिकाण एकच, मुंबईतला टाटा क्लब. ठरवून कोणी हे केलेलं नाही, पण आमच्याकडे कर्ज असंच फिटतं, घेणारा एक नि फेडणारा तिसराच. साळगावकरच्या मधल्या फळीतला सावियो मेदेरा पुढे भारताचा प्रशिक्षक झाला आणि २०११ ला सॅफ करंडक आणला. शब्बीरला त्याच वर्षी ध्यानचंद पुरस्कार मिळाला, तो मिळवणारा पहिला फुटबॉलपटू. काकांनी फोन करून सांगितलं, मुलाचं लग्न ठरल्यासारखं.

नेव्हिल १९८० ला गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. ही बातमी आजोबांपर्यंत कधी आली की आलीच नाही, मला ठाऊक नाही. त्याचा चिंचोका त्यांनी रेषेबाहेर कधी ठेवला नाही. पी. के. बाहेर गेला, रहीम मास्तर तर पहिल्यापासून बाहेर, उंबऱ्याजवळ. नेव्हिल आपला मधोमध, गोलाकडे तोंड करून.

त्या चिंचोक्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एका पावसाळ्यात आठवडाभर झड लागली होती, घरात खायला मागून पोरांनी जीव खाल्ला, तेव्हा आजीनं डबा उघडला, चिंचोके चुलीत भाजले, सालं काढली आणि वाटून टाकले. शनिवारी आजोबा चिंब भिजून आले, ओसरीवर चौकोन ओढला आणि डब्यात हात घातला. आत दोन लवंगा होत्या. त्यांनी आम्हा पाचही पोरांकडे एकेक करून पाहिलं.

"नेव्हिल कोनं खाल्ला?"

कोणी बोललं नाही. टपोरा माझ्याच वाट्याला आला होता.