खानदेशातील न बांधलेले तट

नवापूर सोडून पूर्वेकडे निघाले की रंगावलीच्या काठची हिरवाई हळूहळू मागे पडते. पावसाचे मान घटते, झाडी विरळ होते आणि नंदुरबारहून साक्रीच्या वाटेला लागल्यावर तर वैशाखात सारा मुलूख वाळवंटासारखा भासू लागतो. निष्पर्ण बाभळी, तापलेले मुरमाड माळ, आणि त्या माळावरून पूर्व-पश्चिम धावत गेलेल्या काळ्या भिंती! कोणा राजाचा ढासळलेला तट असावा, असेच प्रथमदर्शनी वाटते. फारुकी सुलतानांपासून पेशव्यांपर्यंत अनेकांनी खानदेशावर सत्ता गाजविली. परंतु या तटाचे श्रेय त्यांपैकी कोणालाच देता येत नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे थर साचले. त्या काळात हे भूकवच उत्तर-दक्षिण ताणले गेले, त्यास पूर्व-पश्चिम भेगा पडल्या आणि त्यांत शिरलेला तप्त रस तेथेच थिजला. पुढे ऊनपावसाने भोवतालचा ठिसूळ खडक झिजला. भेगेतला घट्ट पाषाण तेवढा उभा राहिला. भूशास्त्रात यास ‘डाइक’ किंवा भित्ती म्हणतात. जवळ जाऊन पाहिल्यास त्यातील खांब आडवे पडलेले दिसतात, जणू कोणी सरपण रचून ठेवले आहे. भेगेच्या दोन्ही अंगांनी रस निवत गेल्याने हे घडते.

विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी-नर्मदा खोऱ्यांचे भूवर्णन १८६९ साली प्रसिद्ध केले. पश्चिम भारतातील डाइकांवर १९४९ साली निबंध लिहिणारे जॉन ऑडन हे विख्यात इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे बंधू. (एका भावाने शब्द वेचले, दुसऱ्याने दगड, कोणाचे काम अधिक टिकाऊ, हे वाचकांनीच ठरवावे!) २००७ साली हेतू शेठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंदुरबार-धुळे पट्ट्यातील २१० मोठ्या भित्तींचा अभ्यास मांडला. त्यांतील सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची आहे.

या पाषाणाचा खरा व्यवहार मात्र पाण्याशी आहे. भूगर्भातून झिरपणारे पाणी अखंड भित्तीपाशी अडते. म्हणून एका अंगाच्या विहिरीला पाणी असते आणि दुसऱ्या अंगाची कोरडी राहते. याउलट भित्ती तडकलेली असेल, तर पाणी तिच्यातूनच वाट काढते. विहीर खणणाऱ्यास हा भेद कळणे अगत्याचे. पण जो कठीणपणा कोट्यवधी वर्षांच्या झिजेला पुरून उरला, त्याचमुळे हा दगड खडीसाठीही उत्तम ठरतो. परतताना अशाच एका भित्तीला मधोमध खिंडार पडलेले पाहिले. त्यातून पलीकडचे शेत आणि त्यातली विहीर स्पष्ट दिसत होती.