मुलींसाठी बांधलेली गुहा

माणसाचे पोटापाण्याचे काम एक असते आणि त्याचा जीव रमतो तो भलत्याच ठिकाणी. कचेरीतला हिशोबनीस घरी येऊन सतार छेडतो, पोस्टमास्तर गुलाबाची कलमे बांधतो. आम्ही शाळामास्तर हातावरचा खडू झटकून कादंबऱ्या लिहायला बसतो. जग याला फावल्या वेळचा चाळा म्हणते. पण इतिहासाने कधीकधी अशा चाळ्यालाच मानाचे पान दिले आहे. त्यातलीच ही एक हकीकत.

आज घरोघरी मुले संगणकाच्या पडद्यावर किल्ले बांधतात, अरण्ये तुडवतात आणि जेवायला हाक मारली तर ओही देत नाहीत. या नसलेल्या जगांची वंशावळ काढू लागलो, तर जवळजवळ मुळाशी एक असलेली, अगदी दगडमातीची गुहा सापडते.

अमेरिकेतल्या केंटकी संस्थानात मॅमथ नावाची चुनखडीची गुहा आहे. आजवर तिची ४०० मैलांहून अधिक वाट मोजून झाली आहे. याहून लांब गुहा जगाला ठाऊक नाही. १८३८ साली स्टीफन बिशप हा तरुण गुलाम तिथे वाटाड्या म्हणून आला. त्याने कितीतरी अज्ञात वाटा शोधल्या आणि १८४२ साली नुसत्या आठवणीवरून गुहेचा नकाशा काढला. १८४५ मध्ये तो छापला गेला, तोही त्याच्या नावानिशी. ज्याची स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती, त्याने पृथ्वीच्या पोटातला मुलूख कागदावर आणला!

पुढे सव्वाशे वर्षांनी त्याच अंधारात एक जोडपे हातात दोरी आणि होकायंत्र घेऊन रांगत होते. विल आणि पॅट्रिशिया क्राउदर ही त्यांची नावे. विल हा मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत प्रोग्रॅमर होता. दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडणारे ‘अर्पानेट’ १९६९ साली उभे राहिले, त्याच्या जोडयंत्रांसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या मोजक्या मंडळींत तो होता. आजच्या इंटरनेटचे हे पूर्वज. हे झाले त्याचे पगाराचे काम. सुट्टी मिळाली की पतिपत्नी गुहेत उतरत आणि घरी परतली की मोजमापांचे आकडे टंकयंत्रावरून संगणकात भरून त्यांचे नकाशे काढीत.

फ्लिंट रिज आणि मॅमथ या शेजारच्या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत, असा जाणकारांचा कयास होता. पण वाट सापडत नव्हती. अंगाने सडपातळ असलेली पॅट्रिशिया एका चिंचोळ्या फटीतून सरपटत पलीकडे गेली आणि पुढचा रस्ता खुला झाला. ९ सप्टेंबर १९७२ रोजी सहा जणांची तुकडी छातीभर गार पाण्यातून चालत गेली, तो समोर दिव्याच्या उजेडात प्रवाशांसाठी बसवलेला लोखंडी कठडा चमकला. ती मॅमथ गुहा होती! त्या सहांत पॅट्रिशिया ही एकटीच स्त्री.

पण ज्यांनी मिळून अंधार मोजला, त्यांचा संसार मात्र टिकला नाही. १९७५ च्या सुमारास दोघे विभक्त झाले. विलने गुहांत जाणे कमी केले. दोन मुली होत्या. त्यांच्याशी आपले नाते तुटू नये, ही त्याची तळमळ. मग रिकाम्या वेळात त्याने फोर्ट्रान भाषेत एक खेळ लिहिला. त्याला चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही; नुसते शब्द. आरंभी रस्ता, विटांचे छोटे घर, ओढा, आणि पुढे जमिनीत उतरणारी जाळी. खेळणाऱ्याने एकदोन शब्दांत हुकूम द्यायचा, यंत्राने पुढचे दृश्य सांगायचे. आत बुटके होते, साप होता. आणि ‘तिळा तिळा दार उघड’सारखा एक मंत्रही होता, इंग्रजी वर्णमालेतली शेवटची तीन अक्षरे मागेपुढे करून केलेला! पण बोळ, दालने आणि चढउतार होते ते मॅमथच्या बेडक्विल्ट या भागातले, स्वतः गुडघे सोलून मोजलेले.

मला यातले मर्म वाटते ते असे. या खेळात एकसारख्या दिसणाऱ्या बोळांचे एक जाळे आहे. तिथे नुसते धैर्य कामाचे नाही. जवळची एकेक वस्तू खुणेसाठी ठेवीत जावे लागते आणि कागदावर नकाशा काढावा लागतो. म्हणजे बापाने मुलींना गुहेची गोष्ट सांगितली नाही. त्यांच्या हाती दिवा दिला आणि आपण जे करीत होतो तेच करायला लावले. वर्षानुवर्षे भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला याहून चांगला धडा सुचलेला नाही.

आणि दैवाची गंमत पाहा. विलने पगारासाठी बांधलेल्या तारांच्या जाळ्यावरूनच त्याचा हा घरगुती खेळ संस्थेसंस्थेत पोहोचला. स्टॅनफर्डमधला विद्यार्थी डॉन वुड्स याच्या तो हाती लागला. मूळ कर्त्याची परवानगी घ्यावी म्हणून त्याने जाळ्यावरच्या प्रत्येक ठाण्यावर ‘क्राउदर’ या नावाने पत्र धाडले! उत्तर आले, विलने आज्ञावली देऊन टाकली आणि वुड्सने १९७७ साली खेळ वाढवला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने, आणि त्याच्यामागून रिचर्ड बार्टल याने, अनेक माणसे एकाच वेळी वावरू शकतील असे शब्दांचे जग उभारले. तिथून पुढचा विस्तार मुलांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

विलची मूळ आज्ञावली हरवली असे कित्येक वर्षे समजत होते. डेनिस जेर्झ या अभ्यासकाला ती स्टॅनफर्डच्या जुन्या साठ्यात मिळाली. त्याने खऱ्या गुहेत जाऊन दालने ताडून पाहिली आणि २००७ साली सारी हकीकत प्रसिद्ध केली. तिथले गुहाशोधक आणखी एक आठवण सांगतात. बेडक्विल्टमध्ये पहिल्यांदाच उतरलेली एक बाई कुणाला न विचारता वाटा ओळखू लागली. तिने तो खेळ पुष्कळ खेळला होता.