अकाउंटंट व्हायचंय? शाळेपासूनच गणिताची तयारी कशी करावी

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेण सोडले की कासू लागते. आजूबाजूला भातशेती, जवळून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, एका बाजूला पेण आणि दुसऱ्या बाजूला नागोठणे-रोहा. या पट्ट्यातली मुले दहावीनंतर कॉमर्सला जातात तेव्हा घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "गणित जमत नाही, म्हणून कॉमर्स घेतलं." मोठा घोळ इथूनच सुरू होतो. अकाउंटिंगला अवघड गणित लागत नाही हे खरे, पण सोपे गणित पक्के लागते. ते पक्के व्हायला वर्षे लागतात आणि ती वर्षे शाळेतलीच असतात.

अकाउंटंट नक्की काय करतो, त्याला कोणते गणित लागते, कोणत्या इयत्तेत काय पक्के करावे आणि बारावीनंतर कोणते रस्ते आहेत, याची ही माहिती.

पेण-रोह्याचा आकड्यांशी जुना संबंध

कासूच्या दोन्ही बाजूंना आकड्यांशी नाते सांगणारी दोन मोठी नावे आहेत. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्ये पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. गणित हा त्यांचा आयुष्यभर आवडता विषय होता. दुसरे नाव चिंतामणराव देशमुख यांचे. त्यांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते गावी झाला, तर बालपण रोह्याशी जोडलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३ ते १९४९) आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले देशमुख केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले होते. कॉमर्सची पदवी नसलेला माणूसही देशाच्या तिजोरीपर्यंत पोहोचू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

गव्हर्नरपदाची त्यांची मुदत ३० जून १९४९ ला संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १ जुलै १९४९ ला, भारतीय सनदी लेखापाल संस्था म्हणजे आयसीएआय स्थापन झाली. देशभर १ जुलै हा 'सीए दिन' म्हणून साजरा होतो तो यामुळेच.

अकाउंटंटचे काम म्हणजे फक्त बेरीज-वजाबाकी नाही

बेरीज आता संगणक करतो. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद टाकली की खतावणी आणि ताळेबंद आपोआप तयार होतो. अकाउंटंटचे काम त्याच्या आधी आणि नंतर असते. आधी, कोणता व्यवहार कोणत्या खात्यात जाणार हे ठरवायचे असते. नंतर, आलेला आकडा पटण्यासारखा आहे का, हे ओळखायचे असते.

या दुसऱ्या कामाची किंमत पेणकरांना वेगळी सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेतील बनावट कर्जखात्यांचा घोटाळा उघड झाला. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. निवृत्तीची पुंजी, लग्नासाठी साठवलेले पैसे, भात विकून ठेवलेली रक्कम, असे बरेच काही त्यात होते.

बँकेच्या ताळेबंदात ठेवी ही देणी असतात आणि वाटलेली कर्जे ही मालमत्ता. खोटे कर्ज दाखवले की गेलेला पैसा कागदावर 'मालमत्ता' म्हणून उभा राहतो आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात. म्हणजे ताळेबंद जुळला एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. कर्जदार खरोखर आहे का, तारण कुठे आहे, हप्ते कोणत्या खात्यातून येतात, हे विचारणारा माणूस लागतो. त्या काळी ठेवींवरील विम्याची मर्यादा १ लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. पण विमा हा नंतरचा आधार आहे. आधीचा आधार म्हणजे चोख हिशेब आणि निर्भीड तपासणी.

कोणते गणित लागते?

त्रिकोणमिती किंवा अवघड भूमिती अकाउंटंटच्या रोजच्या कामात येत नाही. रोज लागते ते असे:

- तोंडी बेरीज-वजाबाकी आणि अंदाज
- अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारी
- गुणोत्तर आणि प्रमाण
- सरळव्याज आणि चक्रवाढव्याज
- नफा-तोटा, सूट, कमिशन, जीएसटी
- सरासरी, तक्ते आणि आलेख वाचणे

यातला सगळ्यात जास्त फसवणारा भाग शेकडेवारीचा. एक उदाहरण घेऊ. पेणचे पापड प्रसिद्ध आहेत. समजा, एका बचत गटाने २० किलो पापड केले. माल १,८०० रुपये, मजुरी ९०० आणि पॅकिंग ३००, असा एकूण खर्च ३,००० रुपये. म्हणजे किलोला १५० रुपये. दुकानदाराला भाव लावला २०० रुपये.

किलोमागे नफा ५० रुपये. हा नफा किती टक्के? खर्चावर काढला तर ३३.३३ टक्के, विक्रीवर काढला तर २५ टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण कशावरचे टक्के ते सांगितले नाही तर दोन माणसे एकाच धंद्याबद्दल भांडत बसतील.

आता दुकानदार म्हणाला, "१० टक्केच कमी करा." भाव १८० झाला, नफा ५० वरून ३० वर आला. भाव १० टक्के उतरला, पण नफा ४० टक्के घटला. हे ज्याला कागद न घेता दिसते, त्याच्यात अकाउंटंटची नजर तयार होत आहे असे समजावे. आणि दुकानदाराने माल उधारीवर नेला तर वहीत नफा दिसतो, पण हातात पैसा नसतो. नफा वेगळा आणि रोख वेगळी, हा धडा कॉमर्सच्या पहिल्या वर्षात शिकवतात. घरच्या धंद्यात वावरलेले मूल तो आधीच शिकलेले असते.

चूक शोधण्याचे दोन जुने हिशेब

तेरीज जुळत नसेल तर अनुभवी मुनीम आधी फरकाकडे पाहतात.

१. फरकाला ९ ने भाग जातो का? जात असेल तर आकडे उलटे लिहिले गेल्याची शक्यता असते. ५,४३० ऐवजी ५,३४० लिहिले तर फरक ९० येतो. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो.

२. फरकाचे निम्मे करावे. फरक ९०० असेल तर ४५० ची एखादी रक्कम शोधावी. ती जमेऐवजी नावे बाजूला पडलेली असू शकते, कारण चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम फरक दुप्पट करते.

९ ची कसोटी शाळेतच शिकवतात. ती पुढे कामाला कुठे येते हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही.

कोणत्या वयात काय पक्के करावे?

पहिली ते चौथी: पाढे. पूर्वीच्या शाळांत नेहमीच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा पाठ करून घेत. बाजारात पाव किलो, दीड डझन, अडीच वार असाच हिशेब चाले. आज सगळे पाठ करण्याची गरज नाही, पण पावकी आणि दिडकी आली तरी २५ आणि १५० टक्के तोंडी निघतात. मुलांना दुकानात पाठवून परत आलेले पैसे मोजायला लावणे हाही अभ्यासच आहे.

पाचवी ते सातवी: अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी. नफा-तोटा आणि सरळव्याज याच टप्प्यात येते. इथे कच्चे राहिलेले मूल पुढे 'गणित जमत नाही' म्हणते. खरे तर सगळे गणित अडलेले नसते, अपूर्णांक अडलेले असतात. तेवढे परत शिकले की गाडी रुळावर येते.

आठवी ते दहावी: राज्य मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात चक्रवाढव्याज आणि सूट-कमिशन आहे. नववी-दहावीत 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे, त्यात आयकर, जीएसटी आणि शेअर्स येतात. दहावीत सांख्यिकीही आहे. अकाउंटिंगची ही पहिली पायरी, त्यामुळे परीक्षेपुरते वाचून ही प्रकरणे सोडू नयेत.

अकरावी-बारावी: पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय असतोच. कॉमर्सला गणित बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते. ज्यांना सीए किंवा सीएमए करायचे आहे त्यांनी शक्यतो गणित सोडू नये. याच काळात संगणकावर स्प्रेडशीट वापरायला शिकावे.

सगळ्याच वयांत एक सवय उपयोगी पडते. घरखर्चाची रोजकीर्द मुलाने लिहावी आणि महिनाअखेर हातातली रोख वहीशी जुळवावी. दहा रुपयांचा फरक शोधण्यात जे शिकायला मिळते ते शिकवणीत मिळत नाही.

बारावीनंतरचे रस्ते

सीए: दहावीनंतर फाउंडेशनसाठी तात्पुरती नोंदणी करता येते, परीक्षा मात्र बारावीनंतर. चार पेपर प्रत्येकी १०० गुणांचे. प्रत्येकात ४० गुण आणि एकूण ५० टक्के हवेत. त्यातला एक पूर्ण पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पुढे इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि फायनल. अनेकांना एकापेक्षा जास्त प्रयत्न लागतात, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावे.

सीएमए: उत्पादनखर्चाचा हिशेब हा याचा गाभा. डोलवी, नागोठणे आणि धाटावच्या कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यांनी याकडे जरूर पाहावे.

जीडीसी अँड ए: राज्याच्या सहकार खात्याची ही पदविका परीक्षा. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि इतर सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीच्या कामासाठी ती उपयोगी ठरते.

बीकॉम आणि टॅली: पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, रोह्यात देशमुखांच्याच नावाचे वाणिज्य महाविद्यालय आहे. बीकॉमबरोबर टॅली आणि जीएसटी रिटर्न भरणे आले तर स्थानिक व्यापारी किंवा कर सल्लागारांकडे कामाची सुरुवात करता येते.

सरकारी सेवा: राज्याची वित्त व लेखा सेवा, तसेच जिल्हा परिषदेतील लेखा विभागाची पदे स्पर्धा परीक्षेतून भरली जातात.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी

सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. त्यामुळे आकडे कळूनही शब्दांवर अडणारी मुले पुष्कळ असतात. उपाय सोपा आहे: अकरावीपासूनच दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेवावेत. रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, ऋणको म्हणजे डेटर, धनको म्हणजे क्रेडिटर. अशी शे-दोनशे शब्दांची वही बारावीपर्यंत तयार झाली तर पहिल्या वर्षाची निम्मी भीती जाते.

थोडक्यात

अकाउंटिंगसाठी गणितात हुशार असणे ही अट नाही. शेकडेवारी, व्याज आणि अपूर्णांक डोळे मिटून यावेत, चूक शोधण्याचा कंटाळा नसावा आणि न पटणाऱ्या आकड्याला 'हा कुठून आला?' असे विचारण्याची हिंमत असावी. पहिल्या गोष्टीची तयारी शाळेत होते, दुसरीची घरच्या वहीत. तिसरीची गरज किती असते, हे पेण परिसरातल्या कोणत्याही जुन्या ठेवीदाराला विचारावे.