दाखवणाऱ्याचं नाव

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडात सुट्टीच्या दिवशी एखादं घर बाहेर पडायचं ठरवतं, तेव्हा बोलणी दोनच गोष्टींची होतात. गाडी कुणाची आणि सोबत कोण? गाडीचं लवकर जमतं. किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता, टोल कुणी भरायचा, सगळं एका फोनवर ठरतं. ‘सोबत कोण’ हे मात्र अवघड असतं. जागा ज्याच्या पायाखालची आहे, आजीला कुठली पायरी उंच आहे हे जो आधी सांगेल, पोरांनी विचारलं की जो खरं ते सांगेल, असा माणूस लागतो. सकाळी निघायचं, जाणत्या माणसाबरोबर एखादी प्राचीन जागा बघायची आणि दिवेलागणीला घरी परतायचं, हा रिवाज आज पैसे मोजले की मिळतो. पण त्याचं कूळ फार जुनं आहे आणि त्याच्या काही मुळ्या थेट आपल्या मराठवाड्याच्या मातीत गेलेल्या आहेत.

या कुळातला लेखी सापडणारा एक जुना पुरुष इजिप्तमध्ये भेटतो. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक प्रवासी हेरोडोटस गिझाच्या पिरॅमिडपाशी उभा होता. पिरॅमिड तेव्हाच दोन हजार वर्षांचा झालेला. सोबतच्या दुभाष्यानं त्याला एक कोरीव मजकूर ‘वाचून’ दाखवला. बांधकामावरच्या मजुरांना मुळे, कांदे आणि लसूण पुरवायला १६०० टॅलंट चांदी खर्च झाली, असं त्यानं सांगितलं. हेरोडोटसनं ते लिहून ठेवलं आणि आपण ते अजून वाचतो. दुभाष्यानं सांगितलेलं कितपत खरं, यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले. त्या दुभाष्याचं नाव काय होतं, हे मात्र हेरोडोटसनं लिहिलं नाही.

पुढं सहाशे वर्षांनी, इसवीच्या दुसऱ्या शतकात, पॉसेनियस हा प्रवासी ग्रीस देश गावोगाव फिरून पाहतो. तोवर मोठ्या देवस्थानांत जागा दाखवणाऱ्या माणसांचा पेशाच तयार झाला होता. अर्गोसचे वाटाडे सांगतात ते सगळं खरं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे, अशी तक्रार पॉसेनियस करतो. पण ऑलिम्पियाच्या एका वाटाड्याचं नाव तो आठवणीनं नोंदवतो. त्याचं नाव अरिस्टार्कस. हेरा देवीच्या मंदिराचं छप्पर दुरुस्त करताना आढ्याच्या पोकळीत एका जखमी सैनिकाचं प्रेत मिळालं, ही हकीकत त्या अरिस्टार्कसची. हजारो वाटाड्यांमधून एक नाव टिकलं, कारण ऐकणाऱ्यानं ते लिहून घेतलं.

त्याच काळात मुरुडपासून तासाभराच्या वाटेवर तगर नावाचं शहर गजबजलेलं होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं म्हटलं आहे. तिथून जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल असा माल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचा. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचं नाव आहे. पुढं शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवत राहिले. तेरणेच्या काठावरचं तेर ते हेच. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, तोवर मुरुड आणि तेर एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होते.

आता आपल्या मुळ्या बघू. पहिली मुळी महानुभावांची. चक्रधरस्वामी जिथं जिथं बसले, जेवले, निजले, ती प्रत्येक जागा त्यांच्या अनुयायांना वंदनीय झाली. लीळाचरित्रात वेरूळ ‘एळापूर’ म्हणून येतं आणि तिथल्या लेण्यांतला स्वामींचा मुक्कामही येतो. पण लीळा वाचून जागा सापडत नाही. म्हणून चौदाव्या शतकात मुनी व्यास कोठी यांनी ‘स्थानपोथी’ सिद्ध केली. या गावात देऊळ कुठल्या तोंडाचं, त्याच्या कुठल्या अंगाला मठ, मठाच्या कुठल्या कोपऱ्यात स्वामींचं आसन, असं दिशा धरून सांगणारी ही पोथी. मराठीतल्या पहिल्या काही स्थळदर्शक पुस्तकांपैकी हे एक. अटन करणारा साधू ती पोथी घेऊन गावात शिरला की स्वामींच्या जागेचा ओटा शोधून नमस्कार करू शकत होता. दर्शनाच्या शिस्तीतली एक महत्त्वाची गोष्ट इथं पक्की झाली. जागेची कहाणी त्या जागेवर उभं राहूनच सांगायची. कहाणी एकीकडं आणि पाय दुसरीकडं, असं चालायचं नाही.

दुसरी मुळी तुळजापूरची. मुरुड-लातूरकडच्या कितीतरी घरांना आजही ‘आमचे पुजारी’ आहेत. भोप्यांचं किंवा पाळीकरांचं एखादं घर पिढ्यान्‌पिढ्या त्या कुटुंबाचं. निघण्याआधी त्यांना कळवायचं, उतरायचं त्यांच्याच घरी. मग ते बरोबर येतात. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग देवीचं दर्शन, कुळाचार, नैवेद्य, सगळं त्यांच्या देखरेखीखाली. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि वही उघडून तुमचे आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते दाखवतात. पैसे घेऊन एकाच कुटुंबाला दिवसभर सांभाळणारा, त्यांच्या सोयीनं हिंडवणारा माणूस ही आपल्याकडं नवी सोय नाही. फक्त तेव्हा ते नातं कुळाशी जोडलेलं होतं. त्यामुळं दाखवणाऱ्यावर एक जबाबदारी असायची. आज खोटं सांगितलं तर उद्या त्याच घराची पुढची पिढी दारात उभी राहणार होती.

‘एका दिवसात जाऊन येणं’ ही मात्र रेल्वेची देणगी. थॉमस कुकनं ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं एक शिलिंगात नेऊन त्याच दिवशी परत आणली. जगातल्या सहलीच्या धंद्याची सुरुवात तिथून मानतात. आपल्याकडं ते काम बार्शी लाइट रेल्वेनं केलं. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनियरनं अडीच फुटी रुळांवर आखलेली ही गाडी १८९७ साली बार्शीला, १९०६ साली पंढरपूरला आणि १९११ साली लातूरला पोचली. मुरुड हे तिच्यावरचं एक स्टेशन. बैलगाडी जुंपून, वाटेत मुक्काम करत ज्या जागी जायचं, तिथं सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला येता येऊ लागलं. २००७-०८ मध्ये तो मार्ग ब्रॉडगेज झाला, छोटी गाडी गेली. तोवर जीप आणि टॅक्सी आल्या होत्या, आणि ‘स्पेशल गाडी’ करून जाणं ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गोष्ट झाली होती.

तिसरी मुळी साहेबाच्या काळातली, आणि ती अजिंठ्याला दिसते. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला निघालेला जॉन स्मिथ हा लष्करी अधिकारी वाघूर नदीच्या दरीत आला. एका गुराखी पोरानं त्याला लेण्याची जागा दाखवली, असं सांगतात. स्मिथनं दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं अजून तिथं आहेत. त्या पोराचं नाव कुणी लिहिलं नाही. पुढं निजाम सरकारनं १९१४ साली पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, इटलीहून जाणकार बोलावून चित्रं सांभाळली गेली. बघायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली तसा लेणी दाखवणं हा तिथल्या गावकऱ्यांचा रोजगार झाला. बाहेर उन्हात एकजण आरसा किंवा पांढरा पडदा धरून उभा राहायचा आणि आत काळोखातल्या भिंतीवर ऊन फेकायचा. दुसरा त्या उजेडात बोधिसत्त्वाचा डोळा, हात, कमळ दाखवायचा. दोघांनी मिळून एक चित्र दाखवायचं, असं ते कसब होतं. स्वातंत्र्यानंतर सरकारी परवाना, गळ्यातलं ओळखपत्र, भाषांच्या परीक्षा आल्या. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत गेले, आणि मार्गदर्शक हा मान्यतेचा पेशा झाला.

तेरच्या वाट्याला मात्र हे फार उशिरा आलं. तगर नेमकं कुठं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचा मोठा घोळ चालला होता. विल्फर्डनं देवगिरी म्हटलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर. फ्लीटनं आधी कोल्हापूर सांगितलं, पण १९०१ साली त्यानं स्वतःच तेरचं नाव पुढं केलं. पाठोपाठ हेन्री कझिन्सनं तेर पाहून पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात त्यावर सविस्तर लिहिलं. विद्वानांना गाव सापडलं. पण गाव दाखवणार कोण? पावसानं पांढरीची माती वाहून जायची, नांगराच्या फाळाला मणी, बाहुल्या, नाणी लागायची आणि ती हातोहात नाहीशी व्हायची.

ते काम रामलिंगप्पा लामतुरे यांनी अंगावर घेतलं. तेरचेच रहिवासी. शेतात, ओढ्यात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू ते जपून ठेवत गेले आणि वर्षानुवर्षं हा संग्रह वाढत राहिला. त्यातूनच तेरचं संग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं. आज तिथं हजारो वस्तू आहेत. मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, दगडी शिल्पं. पुरातत्त्व अभ्यासक चापेकर यांनी तेरला केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ साली निघाला, पुढंही खणणं होत राहिलं, पण तेर प्रथम दाखवण्याजोगं केलं ते या गावच्या माणसानं. तेरला मिळालेली हस्तिदंती बाहुली पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीच्या जातकुळीतली आहे. इसवीसन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शहर आणि आपल्या तेरणेकाठचा बाजार एका हस्तकौशल्यानं जोडलेले होते, हे अशा वस्तूंमुळंच कळतं.

आता मुरुडहून तेरला जायचं तर ढोकीवरून वळायचं. बहुतेक गाड्या गोरोबाकाकांच्या समाधीपाशी थांबतात. ते योग्यच आहे. थापटीनं संतांची डोकी वाजवून कोण कच्चं, कोण पक्कं ते सांगणारे गोरोबाकाका या गावचे. पण त्यापुढं त्रिविक्रमाचं देऊळ आहे. एकटा माणूस समोरून आत जातो, बळीच्या कथेतल्या वामनाचं विराट रूप बघतो, हात जोडतो आणि बाहेर येतो. पुढचा मंडप नंतरच्या काळातला, सपाट छपराचा. सोबत जाणता माणूस असेल तर तो म्हणतो, ‘काका, जरा मागं या.’ मागं गेल्यावर भिंत सरळ नसते. ती अर्धगोल वळलेली असते, तिच्यावर विटांचं गजपृष्ठाकार छत, आणि दर्शनी बाजूला चैत्यगवाक्षाची कमान. कझिन्सनं याला मूळचं बौद्ध चैत्यगृह म्हटलं. आंध्रातल्या चेजर्ल्याच्या कपोतेश्वर मंदिराशी याचं नातं लावलं जातं. भारतात अशी विटांची उभी इमारत फार थोड्या ठिकाणी शिल्लक आहे. ज्यानं फक्त पुढून पाहिलं, त्यानं ती पाहिलीच नाही.

तिथून उत्तरेश्वराच्या देवळात जायचं. तिथल्या घडीव विटांवरची नक्षी हाताच्या अंतरावरून बघायची. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या असल्याची ख्याती आहे. मातीत तूस मिसळायचं, भट्टीत ते जळून जायचं आणि वीट आतून सच्छिद्र व्हायची. वजन कमी झालं की उंच शिखर आणि कमान पेलता यायची. हे तंत्र पुस्तकात एका ओळीचं असतं. फुटक्या विटेच्या कडेवरची बारीक भोकं कुणी बोट ठेवून दाखवली, की ते ध्यानात बसतं.

म्हणून तेरला जाताना गाडीच्या भाड्याइतकाच विचार सोबतच्या माणसाचाही करावा. संग्रहालयात विचारावं, गावात विचारावं, अर्धा-पाऊण दिवस देईल असा जाणता माणूस ठरवावा आणि त्याला त्याच्या ज्ञानाचे पैसे द्यावेत. चहापाण्यापुरते देऊन भागवू नये, ड्रायव्हरच्या भत्त्याहून कमी तर कधीच देऊ नयेत. तो सांगेल त्यातलं कुठलं आख्यायिकेचं आणि कुठलं उत्खननातलं, हेही विचारावं. चांगला माणूस दोन्ही वेगळं करून सांगतो. शाळांनी सहल काढली तर पोरांच्या वहीत देवळाच्या नावाखाली त्याचंही नाव लिहून घ्यावं. हेरोडोटसनं ते लिहिलं नाही, स्मिथनं लिहिलं नाही. पॉसेनियसनं लिहिलं म्हणून अरिस्टार्कस उरला. तेरनं आपल्या दाखवणाऱ्याचं नाव संग्रहालयाच्या दारावर लावलं. या कुळाची रीत आपल्याकडं पुढं चालवायची असेल, तर ती त्या दारापासून शिकावी.