दुबे कुठल्या रंगभूमीचे?

मराठी प्रायोगिक नाटकाविषयी लिहिताना सत्यदेव दुबे यांचे नाव बहुधा ओझरते येते. ते पडले हिंदीचे. जन्म १९३६चा, बिलासपूरचा. मुंबईत आले ते क्रिकेटपटू व्हायला. हिंदीवाल्यांनी त्यांची नोंद ठेवावी हे ठीकच. पण ती ठेवली म्हणून आपली जबाबदारी संपते का?

१९६२ साली इब्राहिम अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची सूत्रे घ्यायला दिल्लीला गेले आणि ‘थिएटर युनिट’ दुब्यांकडे आले. त्याच वर्षी त्यांनी धर्मवीर भारतींचे ‘अंधा युग’ केले. हे मुळात नभोनाट्य! ते रंगमंचावर उभे राहू शकते हे त्यांनी मुंबईत दाखवून दिले. अल्काझींचा फिरोजशाह कोटल्यातला गाजलेला प्रयोग त्यानंतरचा. पुढे बादल सरकार बंगालीतून, गिरीश कार्नाड कन्नडातून आणि विजय तेंडुलकर मराठीतून त्यांच्या हिंदी प्रयोगांत आले. एका भाषेतले नाटक दुसरीत नेणारे असे दिग्दर्शक आपल्याकडे फार झाले नाहीत.

‘शांतता! कोर्ट चालू आहे’चेच पाहा. अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला विलेपार्ल्यात निघालेल्या हौशी मंडळींच्या गप्पा तेंडुलकरांच्या कानी पडल्या आणि त्यातून या नाटकाची कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. १९६७मध्ये ‘रंगायन’ने ते केले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, बेणारे सुलभा देशपांडे. दुब्यांनी ते ‘खामोश! अदालत जारी है’ म्हणून हिंदीत नेले, आणि १९७१मध्ये त्यावर चित्रपट केला तो मात्र मराठीत. पटकथा तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. बेणारे पुन्हा सुलभाताईच, सोबत अमरीश पुरी आणि अमोल पालेकर. बिलासपूरच्या माणसाने पार्ल्यात सुचलेल्या गोष्टीचा मराठी चित्रपट करावा आणि तरीही तो ‘हिंदीचा’ राहावा, ही वर्गवारी मला पटत नाही. नाटकाचा प्रयोग त्या रात्रीपुरता. दुब्यांचे दिग्दर्शन आज प्रत्यक्ष तपासायचे तर हा चित्रपट काढून पाहावा लागतो.

या मंडळींना स्वतःचे नाट्यगृह नव्हते. भुलाभाई इन्स्टिट्यूट, ताडदेवचे वालचंद टेरेस, दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह, सगळ्या जागा दुसऱ्यांच्या. नटही नोकरदार. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात, पालेकर बँकेत. दिवसभर कचेरी आणि त्यानंतर तालीम.

५ नोव्हेंबर १९७८ रोजी जुहूला पृथ्वी थिएटर उघडले. जेमतेम दोनशे खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक. पहिले नाटक गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, म्हणजे तिथेही मराठी नाटककारच, हिंदीतून. दुब्यांचा मुक्काम पुढे इथेच पडला. तालमी, कार्यशाळा, नव्या पोरांवर आरडाओरडा! गिरगाव-दादरचा मराठी मध्यमवर्ग एव्हाना पार्ले, गोरेगाव, बोरिवलीत पसरलेला होता. रेल्वेरुळांच्या पूर्वेला दीनानाथ नाट्यगृह, पश्चिमेला पृथ्वी. अंतर रिक्षाचे. पण दीनानाथला नेमाने जाणारे कितीजण पृथ्वीची पायरी चढले? माझ्या माहितीतले तरी थोडेच. भाषेचे कारण सांगितले जाते. मला वाटते, खरी अडचण सवयीची होती. नाही तर एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चे दुब्यांनी केलेले ‘विरासत’ पाहायला पार्लेकरांना हिंदी आड येण्याचे कारण नव्हते.

जाणारे गेलेच. चेतन दातार दुब्यांच्या हाताखाली शिकले आणि ‘१, माधवबाग’सारखे नाटक मराठीत लिहिले. ही गुरुपरंपरा ‘आविष्कार’च्या मराठी वर्तुळात पोहोचली आणि तिथे वाढली, तरी तिचा उगम सांगताना आपण जुहूचे नाव घेत नाही. दातार २००८मध्ये अकाली गेले. दुबे २५ डिसेंबर २०११ रोजी. पद्मभूषण त्यांना त्याच वर्षी मिळाले होते.