हा फोटो नक्की कोणाचा?

मेहकरच्या आमच्या जुन्या घरात, बैठकीच्या भिंतीवर पाच तसबिरी होत्या. रामपंचायतन, शिवाजी महाराज, गांधीजी, आबांचा कोट-टोपीतला फोटो आणि पणजी. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी खाली चटईवर पडून मी त्या पाचांकडे बघत असे. माझ्या लेखी ते सगळे घरचेच होते. महाराज आणि पणजी यांच्यात फार फरक आहे असं तेव्हा वाटत नसे. दोघांनाही हार, दोघांनाही कुंकू.

गेल्या वर्षी घर पाडून नवीन बांधायचं ठरलं, तेव्हा तसबिरी उतरवल्या. आत्या आली होती. वय चौऱ्याऐंशी, पण स्मरणशक्ती आमच्यापेक्षा बरी. पणजीची तसबीर पुसून तिच्या हातात दिली. तिनं चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "अरे, ही आजी नव्हेच. ही तिची धाकटी जाऊ."

आम्ही सगळे गप्प.

मग तिनं सांगितलं. मूळ फोटो एका लग्नातला, सात-आठ बायांचा. त्यात ती स्वतःही होती, पुढे मांडी घालून बसलेली. पणजी टोकाला उभी होती, पदर पार नाकापर्यंत ओढून. पुढे आबांनी मोठा फोटो करायला दिला, तेव्हा स्टुडिओवाल्यानं विचारलं असेल, यातल्या कोणाचा? कोणीतरी बोट दाखवलं. ज्या बाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता, तीच पणजी झाली. मूळ फोटो काही परत आला नाही.

म्हणजे पन्नास वर्षं आम्ही पितृपक्षात दुसऱ्याच बाईला हार घालत होतो! बाबा म्हणाले, "राहू दे आता. हार तिलाही पोचला असेल." विषय तिथंच संपला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही.

हे सगळं मी कॅनडात राहणाऱ्या पुतणीला फोनवर सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "काका, इथे लोक याच्यासाठी कायदा करायला निघाले होते." मला गंमत वाटली. मग शोधाशोध केली. तर खरंच, ओटावात संसदेसमोरच्या जुन्या अमेरिकन वकिलातीच्या इमारतीत देशातल्या माणसांच्या चित्रांचं राष्ट्रीय दालन करायचं, असं तिथल्या सरकारनं २००१ मध्ये जाहीर केलं. पुढे सरकार बदललं, जागेचा घोळ सुरू झाला, दालन दुसऱ्याच शहरात नेण्याची भाषा झाली. तेव्हा जेराहमिल ग्राफस्टाइन नावाच्या सिनेटरनं ते ओटावातच व्हावं म्हणून सिनेटमध्ये विधेयक आणलं. कायदा काही झाला नाही आणि २००८ मध्ये सरकारनं प्रकल्पच गुंडाळला.

आता भिंतीवर फोटो लावायला कायदा कशाला, असं पहिल्यांदा मलाही वाटलं. पण आत्यानं जो प्रश्न घरात टाकला होता, तोच हे देश स्वतःला विचारत होते. भिंतीवर कोणाला लावायचं? आणि लावलाय तो चेहरा त्याचाच कशावरून?

लंडनचं उदाहरण या बाबतीत बरंच जुनं. फिलिप हेन्री स्टॅनहोप या इतिहासकार उमरावानं १८४६ पासून हा विषय लावून धरला होता. दोनदा काही झालं नाही. १८५६ मध्ये तिसऱ्यांदा लॉर्ड्सच्या सभागृहात मांडला तेव्हा जमलं. कॉमन्स सभागृहानं दोन हजार पौंड मंजूर केले. विश्वस्तांनी नियम ठरवले, ते मला फार शहाणपणाचे वाटले. चित्र निवडताना चित्रकार किती मोठा हे बघायचं नाही, चित्रातला माणूस कोण ते बघायचं. आणि राजा-राणी सोडून कोणाही जिवंत माणसाचं चित्र घ्यायचं नाही. माणूस जाऊन दहा वर्षं तरी झाली पाहिजेत. म्हणजे भावनेचा भर ओसरला पाहिजे. हा नियम थेट १९६९ पर्यंत टिकला.

गंमत म्हणजे या दालनात नोंदलेलं पहिलं चित्र शेक्सपिअरचं. आणि ते शेक्सपिअरचंच आहे, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही! म्हणजे त्यांच्याही भिंतीवर पहिल्याच खिळ्याला आमची पणजी. फरक एवढाच, की ते ही शंका लपवत नाहीत.

अमेरिकेत मात्र रीतसर कायदा झाला, १९६२ साली. १९६८ मध्ये वॉशिंग्टनला दालन उघडलं. त्या कायद्यात एक मजेशीर अट होती. रंगवलेली चित्रं, पुतळे घ्यायचे. फोटो जमवायचे नाहीत. ही अट १९७६ मध्ये काढली. विचार करा, फोटो नको म्हटलं की कोण कोण बाहेर राहतं! चित्रकारासमोर बसायला पैसा लागतो, सवड लागते. फोटो गरिबाचाही निघतो, निदान एखाद्या लग्नात, गर्दीत, टोकाला.

आता आपल्याकडे येऊ.

ज्यांचा चेहरा महाराष्ट्रात शेंबडं पोरही ओळखेल, ते शिवाजी महाराज. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचं म्हणून जे एक चित्र छापलं जात होतं, लोक ज्याला नमस्कार करत होते, ते मुळात इब्राहिमखान नावाच्या माणसाचं होतं. वा. सी. बेंद्रे या संशोधकानं जुन्या परदेशी कागदपत्रांतून महाराजांचं चित्र शोधून काढलं आणि १९३३ साली पुण्यात लोकांपुढे ठेवलं. आज आपल्याला हे सहज वाटतं. पण ज्या चित्राला लोकांनी हार घातले, ते उतरवा म्हणणं किती अवघड असतं, हे मला आमच्या बैठकीत कळलं. तिथे तर एक पणजीच होती.

महाराजांची त्यांच्या काळाच्या जवळची म्हणून जी चित्रं मानली जातात, ती आहेत कुठे? अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. अॅमस्टरडॅमचं चित्र निकोलास विटसन या डच गृहस्थाच्या संग्रहातलं, गोवळकोंड्याच्या कलमाचं. पॅरिसचं चित्र मनुची या इटालियन प्रवाशानं करवून घेतलेल्या चित्रांतलं. हिंदुस्थानातले मोठे लोक दिसतात कसे, हे परक्यांना बघायचं होतं म्हणून त्यांनी चित्रांचे संच करवून घेतले, आणि त्यामुळे आपल्या राजाचा चेहरा टिकला. पुढे पुण्यात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं १७९०च्या सुमारास सवाई माधवराव आणि नाना फडणविसांना समोर बसवून रंगवलं, म्हणून नानांचा तो उभट, विचारी चेहरा आपल्याला ठाऊक आहे.

आणि महाराजांच्या आई? आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या. दर १२ जानेवारीला तिथे माणसांचा पूर लोटतो. लखुजीराव जाधवांचा वाडा आहे, त्यांची भलीमोठी समाधी आहे, सगळं दगडात शाबूत आहे. पण जिजाऊंचं त्यांच्या हयातीत काढलेलं चित्र नाही. शाळेत, ऑफिसात, कॅलेंडरवर दिसणारा जिजाऊंचा चेहरा हा नंतरच्या चित्रकारांनी मनानं रेखलेला आहे. परक्या माणसानं मागितली ती चित्रं राजांची आणि सरदारांची. वाड्यातल्या बाईचा चेहरा मागायला कोण जाणार आणि कोण दाखवणार? पदर तिथेही होताच.

आपल्याकडे राष्ट्रीय दालन नसेल, पण दालनाची कामं चालू असतात. आमच्या शाळेत हेडसरांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात सगळे थोर पुरुष एकावर एक रचून ठेवलेले असत. जयंती आली की शिपाईमामा बरोबर तो फोटो ओढून काढायचे, टेबलावर पांढरी चादर, हार, उदबत्ती, दोन भाषणं, आणि परत कपाटात. कोणाच्या जयंत्या सरकारी कार्यालयांत साजऱ्या करायच्या, याची यादी सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी परिपत्रकानं काढतो. महाराजांचं कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगवलेलं चित्र राज्य शासनानं मान्य केलेलं आहे. म्हणजे भिंतीवर कोण आणि कोणता चेहरा, दोन्ही प्रश्न आपण सोडवतोच. फक्त परिपत्रकानं.

दिल्लीतही तेच. संसदेच्या जुन्या इमारतीच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या संविधान सदनाच्या, मध्यवर्ती सभागृहात गांधीजींचं ऑस्वाल्ड बर्ली यांनी काढलेलं चित्र २८ ऑगस्ट १९४७ ला लागलं. लोकमान्यांचं चित्र आपल्या गोपाळ देऊसकरांचं. २८ जुलै १९५६ रोजी पंडित नेहरूंनी त्याचं अनावरण केलं. बाबासाहेबांचं चित्र तिथे लागायला मात्र १२ एप्रिल १९९० उजाडावा लागला. ज्या सभागृहात घटना तयार झाली, त्याच सभागृहात! सावरकरांचं चित्र २००३ मध्ये लागलं, तेव्हा विरोधी पक्षांनी कार्यक्रमावर बहिष्कार टाकला. कोण बरोबर, कोण चूक, यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं, की भिंतीवरचा खिळा ही साधी गोष्ट नाही.

कोणी म्हणेल, चेहरा खरा असायलाच हवा का? आमच्या गावच्या शारंगधर बालाजीचंच बघा. १८८८ साली जमिनीतून निघालेली ती काळ्या पाषाणाची प्रचंड मूर्ती. इंग्रज ती विलायतेला नेणार, या भीतीनं गावानं घाईघाईनं तिची प्रतिष्ठापना केली, असं गावात सांगतात. निव्वळ देवभक्ती नव्हती ती. १८७८ पासून गुप्तधनाचा कायदा होता, जमिनीतून काय निघालं ते कलेक्टरला कळवावं लागे. त्या मूर्तीपुढे उभं राहिलं की हा चेहरा कोणाचा, असं कोणी विचारत नाही. शिल्पी शास्त्राप्रमाणे घडवतो, आपण दर्शन घेतो, संपलं. देवाला हे पुरतं.

पण माणसाला पुरत नाही. माणूस एकदाच होतो, आणि त्याचं नाक, त्याच्या कपाळावरची आठी ही त्याचीच असते. आपण माणसांची चित्रंही मूर्तीसारखी पुजतो, म्हणून ते चित्र कोणी काढलं, कधी, कशावरून, हे विचारणं आपल्याला पाप वाटतं. शाळेच्या कपाटातल्या एकाही फोटोमागे चित्रकाराचं नाव मी पाहिलं नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडे असा कायदा कधी आलाच तर कोणाला घ्यायचं यावर वर्षानुवर्षं भांडणं होतील, होऊ देत. उघड झालेली बरी. पण त्यात एक कलम असावं. प्रत्येक चित्राखाली लिहायचं, की हे समोर बसवून काढलं, हे ऐकीव वर्णनावरून, आणि हे निव्वळ मनानं. आणि जिथे चेहरा नाहीच, तिथे नुसतं नाव लिहून चौकट रिकामी ठेवायची. जिजाऊंच्या चित्राखाली "कल्पनाचित्र" लिहिल्यानं त्यांचा मान तसूभरही कमी होणार नाही. उलट, आपण त्यांचा चेहरा जपला नाही, हे दर वेळी आठवेल.

असो. आता घर बांधून झालंय. तसबीर परत लावायची की नाही यावर आमच्याकडे तीन मतं पडली. शेवटी लावली. हरकत नाही, ती जाऊही आमचीच. तिला मूल नव्हतं, तिचा फोटो लावणारं दुसरं कोणी नव्हतंच. पण लावण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं: "आबांच्या मते त्यांची आई. आत्याच्या मते आईची धाकटी जाऊ. आत्या त्या फोटोत होती." खाली तारीख.

आत्याला विचारलं, पणजी दिसायला कशी होती? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हात आठवतात रे. चेहरा नाही आठवत."

नातेवाईकांपैकी कोणाकडे त्या लग्नाचा फोटो असेल तर कृपया कळवा. टोकाच्या बाईचा चेहरा दिसत नसला तरी चालेल.